इंग्रजी घडाघडा वाचतो, पण उत्तरं चुकतात

सर, माझा मुलगा जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला आहे. यंदा त्याला शिष्यवृत्तीला बसवलंय, नवोदयचाही फॉर्म भरलाय. इंग्रजीचं पुस्तक तो घडाघडा वाचतो. पाहुणे आले की आम्हीच त्याला वाचून दाखवायला लावतो, सगळे कौतुक करतात. पण शाळेतल्या सराव चाचणीत उताऱ्याखालच्या प्रश्नांपैकी एखाद-दुसराच बरोबर येतो. विचारलं की म्हणतो, उतारा अवघड होता. एकानं सांगितलं म्हणून गाईड आणलं. त्यात प्रत्येक शब्दाखाली मराठीत उच्चार आणि अर्थ दिलाय, तो रोज पाठ करून घेते. रोज दहा स्पेलिंगही घेते. फरक पडेना. मी बारावी आर्ट्स, इंग्रजीत कसेबसे पस्तीस पडले होते. मिस्टरांचं पंक्चरचं दुकान आहे, ते रात्रीच घरी येतात. भाऊजी म्हणतात, लातूरला क्लास आणि हॉस्टेल बघा, तीन महिन्यांत तयार करून देतात. नवोदयला तर चार उतारे इंग्रजीत असतात असं ऐकलं, त्यामुळं जास्तच धास्ती बसलीय. घरी मी काय करू शकते?
एक आई, औसा तालुका, जि. लातूर

ता. क. धाकटी दुसरीत आहे. तिलाही आतापासूनच शिष्यवृत्तीची पुस्तकं आणावीत का?

ताई,

नवोदयची धास्ती आधी डोक्यातून काढा. सहावीच्या प्रवेशाची जी निवड चाचणी असते, तिच्यात भाषेच्या भागात चार उतारे असतात हे खरं. प्रत्येकाखाली पाच प्रश्न, म्हणजे वीस प्रश्न आणि २५ गुण. पण हे उतारे तुम्ही फॉर्ममध्ये जी भाषा निवडली त्या भाषेत येतात. मराठी निवडली असेल तर मराठीत. तेवढी फॉर्मची प्रत काढून बघा, नेट कॅफेवाल्यानं घाईघाईत काय टिक केलंय ते. हॉल तिकीट हातात पडल्यावर कळून काही उपयोग नसतो.

इंग्रजीची खरी गाठ पडते ती शिष्यवृत्तीला. ही परीक्षा घेणाऱ्या राज्य परीक्षा परिषदेच्या दुसऱ्या पेपरला दीड तासात ७५ प्रश्न सोडवायचे असतात. पन्नास बुद्धिमत्तेचे, पंचवीस इंग्रजीचे. दीडशेपैकी पन्नास गुण इंग्रजीचे झाले. या पंचवीसांत सगळेच उताऱ्यावरचे नसतात, शब्दांचे आणि व्याकरणाचेही असतात. पण ज्याला वाचून कळतं त्याला तेही सोपे जातात, कारण प्रश्नसुद्धा इंग्रजीतच छापलेला असतो. कितीतरी लेकरांना उत्तर येत असतं, प्रश्नच कळलेला नसतो.

आता तुमच्या लेकराचं बोलू. हे जरा वाचा: ‘टिमक्यानं गुंबळात फिंचा टाकला. तेवढ्यात चिरमी भुंदळली.’ फिंचा कुणी टाकला? टिमक्यानं. कुठं टाकला? गुंबळात. भुंदळलं कोण? चिरमी. तीनपैकी तीन गुण तुम्हाला मिळाले, आणि यातले ‘टाकला’ आणि ‘तेवढ्यात’ सोडले तर बाकीचे शब्द मराठीत नाहीतच, मी आत्ताच तयार केलेत. आता विचारतो, फिंचा टाकल्यावर चिरमी का भुंदळली? इथं तुम्ही अडकलात.

तुमचा मुलगा इंग्रजी उताऱ्यात नेमकं हेच करतोय. प्रश्नातला एखादा शब्द उताऱ्यात शोधायचा, त्याच्या आजूबाजूला जे असेल ते उत्तर म्हणून द्यायचं. ज्या दिवशी प्रश्न सोपे पडतात त्या दिवशी तो एखादा बरोबर आणतो. ‘का’ आला, ‘यावरून काय समजतं’ आलं, ‘योग्य शीर्षक’ आलं की गाडी रुतते. आणि घडाघडा वाचण्यावर जाऊ नका. आरतीतल्या कितीतरी ओळी आपणही अर्थ न कळता अगदी तालात म्हणतोच की. मराठीत लेकरू वाचायला लागलं की त्याला कळायलाही लागतं, कारण ती भाषा त्याच्या कानात जन्मापासून आहे. इंग्रजीत तोंड पुढं जातं आणि अर्थ मागं राहतो. पाहुण्यांसमोर वाचायला लावणं तेवढं बंद करा. त्यानं त्याला वाटतं की वाचणं म्हणजे न अडखळता, न थांबता म्हणत जाणं.

गाईडचं काय करायचं? शब्दाखालचा मराठी उच्चार पट्टीनं झाकून टाका, नाहीतर सरळ मार्करनं खोडा. मी परखड बोलतोय, पण त्या ओळीनं फार नुकसान होतं. लेकराचे डोळे आपोआप देवनागरीकडं जातात. महिनाभर तो इंग्रजी वाचतोय असं आपल्याला वाटतं आणि प्रत्यक्षात तो मराठीच वाचत असतो. परीक्षेत ती खालची ओळ नसते. (मी या उत्तरात इंग्रजी वाक्यं देवनागरीत लिहिणार आहे, ती तुमच्यासाठी. त्याच्या वहीत ती इंग्रजीतच उतरवून द्या.)

शब्दाखालचे अर्थ जोडून वाक्य लावायची सवय तर त्याहून वाईट. एक वाक्य घ्या: ‘इन द बस, राजू गेव्ह द ओल्ड मॅन हिज सीट.’ पाचवीच्या पोरांना याचा अर्थ विचारा. निम्मी पोरं सांगतील, म्हाताऱ्यानं राजूला जागा दिली. शब्द सगळे येत असतात! गेव्ह म्हणजे दिलं, ओल्ड मॅन म्हणजे म्हातारा, सीट म्हणजे जागा. पण मराठीत ‘म्हाताऱ्याला’ म्हटल्यावर तो ‘ला’च सांगतो की मिळालं कुणाला. इंग्रजीत इथं असा प्रत्यय लागत नाही, कोण आधी आलं आणि कोण नंतर, यावरच सगळं ठरतं. तसंच ‘वेंट’चं. आपण गेला, गेली, गेले असं म्हणतो, म्हणजे क्रियापदावरूनच कोण ते कळतं. ‘वेंट’वरून काहीच कळत नाही, मागं वळून बघावं लागतं. म्हणून त्याला एकच सवय लावा. प्रत्येक वाक्यात आधी ‘केलं कुणी’ ते शोधायचं, मग ‘काय केलं’, आणि मग उरलेलं.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. तुमचं इंग्रजी कच्चं आहे याचं वाईट वाटून घेऊ नका. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. तुमच्या पिढीतल्या बहुतेकांनी एबीसीडी पाचवीत गिरवली. आणि या कामाला तुमचं इंग्रजी लागणारही नाही, तुमचं मराठी लागेल.

रोज वीस मिनिटं बसा, जास्त नको. एक छोटा उतारा, सहा-सात ओळींचा. तो त्यानं मनात वाचायचा, ओठ न हलवता. परीक्षा मनातल्या मनात वाचायची असते आणि आपण सराव मात्र मोठ्यानं करून घेतो. वाचून झालं की पुस्तक पालथं घालायचं आणि तुम्ही म्हणायचं, ‘काय झालं ते सांग बरं मला.’ मराठीत, त्याच्या बोलीत. भाषांतर नको. शाळेतनं आल्यावर ‘आज काय झालं माहितंय का’ म्हणून सांगतो ना, तसं. तिथंच तुम्हाला कळेल की त्याला गोष्ट कळलीय की नुसते शब्द दिसलेत. सांगता आलं नाही तर रागवू नका, पुन्हा वाचायला सांगा. दुसऱ्यांदा वाचताना लेकरू वेगळं वाचतं, कारण आता आईला सांगायचं असतं.

मग प्रश्न. त्यानं उत्तर दिलं की बरोबर-चूक काही बोलू नका. एवढंच म्हणा, ‘कुठून काढलंस? बोट ठेव.’ बरोबर आलं तरी, चुकलं तरी. तुम्हाला त्या ओळीचा अर्थ कळला नाही तरी चालेल, गाईडात मागं उत्तरं असतातच. बोट ठेवायला सांगितल्यावर निम्म्या चुका पोरं स्वतःच पकडतात. ‘थांब थांब, हे नाही’ असं म्हणतात, तेव्हा समजायचं की काम सुरू झालं.

एक उतारा देतो, आजच करून बघा. ‘ग्रँडमदर वॉज स्लीपिंग. मीना लुक्ड ॲट द स्काय. इट वॉज व्हेरी डार्क. शी रॅन टू द टेरेस अँड ब्रॉट द चिलीज इन. ग्रँडमदर वोक अप अँड स्माइल्ड.’

पहिला प्रश्न: ‘हू रॅन टू द टेरेस?’ कच्चं लेकरू ‘ग्रँडमदर’ म्हणतं, कारण तिचं नाव पहिल्या ओळीत आहे आणि आजीलाही ‘शी’च म्हणतात. ‘शी’वर बोट ठेवायला लावा आणि तिथून मागं जाऊन विचारा, ही ‘शी’ कोण? झोपलेली आजी पळेल का? दुसरा प्रश्न: ‘व्हाय डिड मीना ब्रिंग द चिलीज इन?’ पर्यायांत एक असतो, ‘बिकॉज ग्रँडमदर वॉज स्लीपिंग’. हा पर्याय लेकरांना हमखास फसवतो. तो उताऱ्यातलाच शब्दशः तुकडा आहे, म्हणून खरा वाटतो. खरं उत्तर ‘पाऊस येणार होता’ हे आहे, आणि ‘रेन’ हा शब्द उताऱ्यात कुठंच नाही. इथं एक बोट पुरत नाही, दोन लागतात. एक ‘डार्क’वर, एक ‘चिलीज’वर. आणि मधलं जे आहे ते तुमच्या लेकरानं माळवदावरचं वाळवण गोळा करताना स्वतः बघितलंय. मराठीत विचारलं तर एका क्षणात सांगेल. ‘का’च्या प्रश्नात नेहमी हेच करायचं. ‘तुझ्या घरी असं झालं असतं तर कशामुळं झालं असतं?’ असं विचारा, मग उतारा तेच सांगतोय का ते बघा. म्हणजे मनाचं काहीतरी ठोकून दिलं जात नाही.

हा उतारा गावाकडच्या पोराला सोपा आहे. परीक्षेतला उतारा मात्र कधी मत्स्यालयाचा असतो, कधी समुद्रकिनाऱ्यावरच्या सहलीचा, कधी वाचनालयाच्या सूचनांचा. तिथं आपली पोरं बिचकतात आणि आपण म्हणतो इंग्रजी कच्चं. १९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचा उतारा दिला होता. जी मुलं वाचनात कच्ची पण बेसबॉलमध्ये तरबेज होती, त्यांना तो उतारा बेसबॉल न कळणाऱ्या हुशार वाचकांपेक्षा चांगला समजला. विषय माहीत असला की शब्द अडत नाहीत. म्हणून रात्री जेवताना मोबाइलवर समुद्र, मेट्रो, बर्फ, मधमाश्या असं काहीतरी बघू द्या आणि मराठीत बोला त्यावर. तो वेळ वाया जात नाही. मराठी वर्तमानपत्रातली एखादी बातमी रोज वाचून सांगायला लावली तर नवोदयच्या उताऱ्यांचीही तयारी त्यातच होते.

गोष्टींसाठी ‘स्टोरीवीव्हर’ नावाचं प्रथम बुक्सचं संकेतस्थळ आहे, फुकट. सोप्यापासून अवघडपर्यंत पातळ्या लावलेल्या असतात आणि बऱ्याच गोष्टी मराठीत आणि इंग्रजीत अशा दोन्ही भाषांत मिळतात. आधी मराठी वाचू द्या, दुसऱ्या दिवशी तीच इंग्रजीत. ‘मग उत्तर आधीच कळलं की’ असं म्हणू नका. गोष्ट माहीत असली की लक्ष वाक्याकडं जातं. आणि पुढच्या महिन्यात येळवस, म्हणजे मार्गशीर्ष अमावास्येचा आपला शेतातला सण, येईल. कडब्याची कोप, पांडवांची पूजा, भज्जी, आंबिल, उंडे, सगळं झालं की त्याला मराठीत पाच वाक्यं सांगायला लावा आणि शेजारची नववी-दहावीतली पोरगी असेल तर तिच्याकडून इंग्रजी करून घ्या. ‘भज्जी’ला इंग्रजी शब्द शोधत बसू नका, भज्जीच लिहा. त्यावर प्रश्न त्यानंच काढायचे, दर तीन प्रश्नांत एक ‘व्हाय’चा पाहिजेच. प्रश्न काढणारं लेकरू प्रश्नाच्या खोड्या ओळखायला शिकतं.

स्पेलिंगची रोजची दहाची यादी थांबवा. त्याला अंब्रेला आणि एलिफंट येत असणार, पैज लावतो. ‘अनटिल’ विचारून बघा. उताऱ्याचा अर्थ फिरवणारे शब्द लहान असतात: बट, सो, बिकॉज, बिफोर, आफ्टर, अनटिल, ओन्ली, नेव्हर, विदाउट, बोथ, इन्स्टेड. हे कुणी पाठ करायला देत नाही, कारण त्यांचं चित्र काढता येत नाही. रोज एकच घ्या, तुमच्या घरातल्या वाक्यात. ‘बाबा येईपर्यंत जेवायचं नाही’ यातलं ‘येईपर्यंत’ म्हणजे अनटिल. आठवडाभरानं उताऱ्यात तो शब्द दिसला की पेन्सिलीनं गोल करायचा. प्रश्नार्थक शब्दांचंही तसंच. ‘व्हेअर’ (कुठं) आणि ‘वेअर’ (होते) यांत, ‘हू’ आणि ‘हाऊ’ यांत पाचवीतलं लेकरू अजून गोंधळतं. आणि प्रश्नात ‘नॉट’ असेल तर त्याला चौकोन करायचाच. चार पर्यायांतले तीन बरोबर असतात आणि विचारलेला असतो चुकीचा. घाईत वाचणारी पोरं पहिला बरोबर दिसला की टिक करून मोकळी होतात.

आधी प्रश्न वाचावेत की उतारा? क्लासवाले सांगतात आधी प्रश्न. मोठ्यांना ते जमतं. तुमच्या मुलाला शब्द शोधायची जी खोड लागलीय, ती यानं वाढेल. त्यानं आधी उतारा पूर्ण वाचावा, मनात एका वाक्यात म्हणावं की हे कशाबद्दल आहे, आणि मग प्रश्न. शीर्षकाचा प्रश्न तिथंच सुटतो.

जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर उत्तरसूचीसकट मिळतात. त्या आत्ताच सगळ्या संपवू नका. आता आठवड्याला इंग्रजीचे तेवढे पंचवीस प्रश्न, घड्याळ न लावता. जानेवारीत घड्याळ लावा, त्यांना अर्धा तास. पूर्ण पेपर शेवटच्या काही रविवारी बसवा, सकाळी, परीक्षेला बसल्यासारखा. उत्तरपत्रिकेतली वर्तुळं बॉलपेननं काळी करायची असतात आणि खोडता येत नाही, म्हणून घरीही पेननंच करू द्या. प्रश्न सोडून पुढं गेल्यावर वर्तुळाचा क्रमांक चुकतो आणि तिथून खाली सगळंच सरकतं. तेवढं तुम्ही शेजारी बसून दोनदा बघा.

लातूरच्या हॉस्टेलला माझं स्पष्ट नाही आहे. लातूर पॅटर्नचं नाव झालं ते दहावी-बारावीच्या पोरांवर. दहा वर्षांच्या लेकराला तीन महिने घरापासून तोडून जे मिळणार आहे ते पन्नासेक जणांच्या वर्गात पेपरांवर पेपर. त्याला पेपर कमी पडत नाहीयेत. त्याला वाचून झाल्यावर ‘काय झालं ते सांग’ म्हणणारं माणूस कमी पडतंय. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांना जरूर भेटा आणि एवढंच विचारा की चुकलेल्या प्रश्नांत तो कुठल्या प्रकारचे प्रश्न जास्त चुकतो. त्यांच्याकडं जुन्या चाचण्या असतील. भाऊजींना सांगा, हॉस्टेलच्या पैशात मिस्टरांच्या दुकानाला नवीन कॉम्प्रेसर येईल.

मिस्टर रात्री उशिरा येतात म्हणता. त्यांनाही कामाला लावा. जेवताना लेकरानं दिवसाचा उतारा त्यांना मराठीत सांगायचा. त्यांनी तो वाचलेला नसतो, म्हणून ते जे प्रश्न विचारतील ते अगदी खरे असतील. तुमच्यापेक्षा अवघड विचारतील बघा.

धाकटीचं: नाही. दुसरीच्या पोरीला शिष्यवृत्तीचं पुस्तक आणायची काही घाई नाही. ती दादा सांगतो ते ऐकत बसेल, तेवढं तिला पुष्कळ. पैसे खर्चायचेच असतील तर मराठी गोष्टींची पातळ, मोठ्या अक्षरांची चित्रांची पुस्तकं आणा आणि ती फाटली तरी ओरडू नका.